माठाखालची फ्रेंच बाटली

खांबावर चढणारा माणूस पीत नाही, आणि प्यायलाच तर एकदाच चढतो. हे वाक्य चैतरामभाऊ नागपुऱ्यांचं. वीज मंडळात नवीन पोरगा लागला की पहिल्या दिवशी त्याला ते हे ऐकवायचे आणि वर सुपारी द्यायचे. बैहरच्या जंगलात तारा ओढण्यापासून बालाघाटच्या गल्लीबोळांत फ्यूज बांधण्यापर्यंत सगळी नोकरी त्यांनी कोरड्या घशानं काढली. आता अशा माणसाच्या घरात बाटली निघाली, आणि तीही माठाखाली रेतीत पुरलेली, तर गल्लीनं काय करावं? गल्लीनं जे करायचं ते मन लावून केलं.

बाटली आणली होती मोहितनं. मोहित म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, फ्रान्समध्ये बोर्दोला इंजिनीअर. गल्लीतल्या बायकांनी त्या गावाचं 'बोरडोह' करून टाकलं होतं, जसं काही बैहरच्या पुढं जीपवाले नेऊन सोडतात असं एखादं खेडं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई-जत्रांचे दिवस होते तेव्हा तो आला. आईसाठी अत्तर आणलं, ते तिनं देवाला लावलं. बापासाठी जर्मन पक्कड. आणि बॅगच्या तळाशी, दोन स्वेटरांत गुंडाळलेली लाल वाईनची बाटली.

"बाबा, ही आत्ता नाही प्यायची," मोहित म्हणाला.

"मी कवाच नाई पेत. तुले मालूम नाई का?"

"मतलब कोणीच नाही. आठ साल ठेवायची. ती आतल्या आत बनत राहते. मग मी येईन, आपण दोघं मिळून उघडू. तिकडं बाप-लेक असंच करतात."

"तिकडं बाप-लेकाले एकमेकाजवळ बसाले आठ वर्षं लागतात का बे?"

मोहित हसला. चैतरामभाऊही हसले, पण बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, बारशाला दुसऱ्याचं लेकरू धरावं तशी.

मोहितनं नियम सांगितले. जागा थंड पाहिजे, अंधारी पाहिजे, बाटली हलवायची नाही आणि उभी ठेवायची नाही. आडवी.

इथं गोदाबाईंनी तोंड उघडलं. गोदाबाई म्हणजे चैतरामभाऊंच्या मंडळी, त्या घराचं खरं सबस्टेशन. "आडवी? जित्या घरात आडवं ठेवतेत का काही? अन् ठेवलीच, त डोकं कोणीकडं कराचं तिचं?"

"आई, बाटली आहे ती."

"माह्या घरात निजन त माह्या रीतीनं निजन. उत्तरेकडं डोकं मुर्द्याचं असते."

मग थंड जागेचा शोध सुरू झाला. आता बालाघाटात थंड जागा म्हणजे काय, हे मे महिन्यात ज्यानं पत्र्याच्या खोलीत दुपार काढली त्यालाच विचारावं. कपाट तापतं. दिवाणाखाली उंदीर. फ्रिजला मोहितनंच नाही म्हटलं, तो फार थंड आणि सारखा थरथरतो. शेवटी जागा गोदाबाईंनीच काढली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घडवंची होती. घडवंची म्हणजे पाण्याचा माठ ठेवायचा ओटा. माठाखाली रेती, माठ झिरपतो म्हणून ती बारमाही ओली, आणि समोर गोणपाटाचा पडदा. हात घातला तर भर उन्हाळ्यात गारवा कोपरापर्यंत चढायचा. त्या रेतीत गोदाबाईंनी बाटली निजवली. मान पूर्वेला.

"परफेक्ट," मोहित म्हणाला. "तिकडं लोक यासाठी तळघर बांधतात."

"तिकडच्या बायकांले विचाराचं होतं मंग," गोदाबाई म्हणाल्या.

मोहित गेला. दोन पावसाळ्यांनी गोदाबाईही गेल्या, तापाचं निमित्त होऊन, हप्ताभरात. मोहित नागपूरपर्यंत विमानानं आणि पुढं गाडीनं धावत आला, पण तोवर वैनगंगेकाठी सगळं आटोपलं होतं. तेरवीपर्यंत थांबला. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं, येणारा-जाणारा त्याच माठातलं पाणी पीत होता, पडद्यामागं कोण निजलं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मोहितलाही आठवलं नाही. चैतरामभाऊंना आठवलं, पण अशा वेळी पोराला काय म्हणणार, की बाबू, तुझी बाटली सुखरूप आहे?

पुढं मोहितनं ऑनलाईन नवा फ्रिज पाठवला. चैतरामभाऊ त्यातलं गार पाणी पिऊ लागले. तरी माठ भरायचं चुकलं नाही. माठ झिरपला नाही तर रेती सुकते, रेती सुकली की आतली बाटली तापते. म्हणून रोज सकाळी माठ घासायचा, काठोकाठ भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी, ज्याला घरात कोणी तोंड लावलं नाही ते, तुळशीला आणि बाहेरच्या कुत्र्याच्या थाळीत ओतायचं. उन्हाळ्यात दोनदा. हनुमान चौकात टपरीवर गप्पा रंगात आल्या असताना हा गडी उठायचा.

"चाललो. माठ भराचा हाय."

"काहून बाप्पा, घरी बरात उतरली का?" कोणीतरी म्हणायचंच.

"हौ, बरातच समज," म्हणायचे आणि चपला सरकवायचे.

एका वैशाखात खैरलांजीला भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून दोन दिवस राहणं रीतच. हे अक्षता टाकून त्याच संध्याकाळच्या बसनं परत. बहीण रुसली, वर्षभर बोलली नाही. तिला काय सांगणार? रिकाम्या घरात कोणी वाट पाहत नाही हे तिलाही माहीत होतं.

ओल्या रेतीनं बाटली गार ठेवली, पण लेबल खाल्लं. त्यावर एका मनोऱ्यावाल्या घराचं चित्र होतं, चैतरामभाऊ त्याला किल्ला म्हणायचे. एकदा रेती चाळताना तो किल्ला लगदा होऊन बोटांना चिकटून आला. उरली नुसती काळीहिरवी काच. आणि आपल्या मुलखात बिनलेबलाची बाटली म्हणजे एकच गोष्ट असते.

ती गोष्ट बाहेर काढली शेजारच्या मंजूनं. नळ आला नव्हता, ती हंडा घेऊन आली. माठातून पाणी काढताना गोणपाट सरकलं.

"काका, हे काय पुरून ठेवलं हो?"

"काही नाई. औषध हाय."

"मोहाचं औषध?"

"मोहितचं."

आता 'मोहित' आणि 'मोह' यांत एका अक्षराचा फरक, आणि मंजूच्या तोंडून भिंतीपलीकडं जाईपर्यंत तेवढं अक्षर कुठं टिकतं! संध्याकाळपर्यंत बातमी पूर्ण झाली: चैतरामकाका बैहरहून मोहाची दारू आणतात, माठाखाली पुरून मुरवतात, म्हणून तर टपरीवरून लगबगीनं घरी पळतात. बारा वर्षं पुरली की मोहाची अमृत होते, असंही कोणी सांगितलं. मंजूचा नवरा वीरेंद्र तर रोज कुंपणावर उभा.

"काका, पुरलेलं धन कवा निघते?"

"मोहित आला का."

"अन् मोहित कवा येते?"

"येईन ना. त्याची तारीख ठरेल हाय."

"चकना माहा, काका. फुटाणे, मिक्सचर, काय म्हणान ते."

लोक हसायचे, चैतरामभाऊही मान हलवून हसायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांना ती चेष्टा आवडायची. दिवसभरात निदान कोणीतरी विचारत तर होतं, मोहित कधी येतो म्हणून.

आठवं वर्ष लागलं. तोवर मोहितला तिकडं एक छोटी पोरगी झाली होती. चैतरामभाऊंनी मोहितची खोली चुन्यानं पांढरी केली, पंख्याचा कंडेन्सर बदलला. मग एका रविवारी मोहितचा फोन आला. इकडची संध्याकाळ, तिकडची दुपार.

"बाबा, या साली नाही जमणार. छोटीची शाळा सुरू झाली, सुट्टी सगळी संपली."

"बरं."

"ती वाईन आहे ना, ती तुम्हीच उघडा. तिचा टाइम झाला."

"राहू दे ना. तू आला का उघडू."

"नाही बाबा, तसं नाही होत. टाइम गेला की ती उतरते."

'उतरते' हा शब्द चैतरामभाऊंना कळत होता. उन्हाळ्यात दुपारची भाजी रात्री उतरते. आढीतला आंबा दोन दिवस जास्त राहिला की उतरतो. उतरलेल्याला कोणी पुन्हा चढवू शकत नाही, मग तो लाईनमन का असेना. पण बाटली उघडली की ज्यासाठी मोहित येणार होता ते कारणच घशाखाली जाणार. आणि नाही उघडली तर ते रेतीत आंबणार. हे कोडं घेऊन ते कितीतरी रविवार बसले. मोहित दर वेळी विचारायचा, उघडली का? हे म्हणायचे, पाहू, उघडतो. शेवटी पोराच्या आवाजात वैताग आला, तेव्हा त्यांनी बापाला शोभेल असा साफ खोटा जबाब दिला.

"उघडली."

"सच में? कशी होती?"

"फर्स्ट क्लास."

"प्रॉपर सांगा ना, बाबा. कशी लागली?"

"गोड. खूपच गोड. थोडी रंगीत."

"गोड?" मोहितला शंका आली, ही वाईन तर गोड नसते. "कशी उघडली तुम्ही?"

"कशी म्हंजे? झाकण फिरवलं, कट् झालं, ओतली गिलासात."

चैतरामभाऊंना वाटलं नेटवर्क गेलं.

"बाबा," मोहित हळू म्हणाला, "तिला फिरवायचं झाकण नाही. वरच्या पन्नीखाली लाकडी बूच आहे."

आता आयुष्यभर ज्यानं बाटली धरली नाही त्यानं बूच कुठं पाहिलं असणार? आपल्याकडं ठेक्यावरची असो की कोल्ड्रिंकची, झाकण फिरतं, कट् होतं. खोटं बोलायलाही सवय लागते.

"मग उघडली नाही तुम्ही."

"नाई."

"काहून?"

मोहितच्या तोंडून 'काहून' कितीतरी वर्षांनी आलं होतं. त्याला चैतरामभाऊ दुसरं खोटं बोलू शकले नाहीत.

"तू येशीन म्हणून."

मग मोहितनं घसा साफ केला. "चला, आत्ताच उघडू. मी आहे ना फोनवर. व्हिडिओ लावा."

चैतरामभाऊंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला. माठ दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, रेतीतून बाटली काढली, गमछ्यानं पुसली. लेबल कुठं गेलं, मोहितनं विचारलं. किल्ला पडला, ते म्हणाले. मोहितनं तिकडच्या बूच काढायच्या पेचाचं वर्णन सुरू केलं, पण इथं ऐकणारा लाईनमन होता. औजारांच्या पेटीतून एक लांब स्क्रू निघाला, पेचकसनं बुचात बसवला आणि पायात बाटली धरून त्यांनी पक्कडीनं हळूहळू ओढायला घेतलं. बूच रडत, कुरकुरत वर आलं आणि शेवटी अगदी बारीक आवाज झाला, झोपेतल्या माणसानं कूस बदलताना करावा तसा. बुचाचं टोक जांभळं झालं होतं.

"वाह," मोहित म्हणाला. "आता प्यायची नाही. एक घंटा तशीच ठेवा. तिला श्वास घेऊ द्या."

"कोणाले?"

"वाईनला."

"खरंच हाय. आठ वर्षं दम कोंडून होती बिचारी." आणि चैतरामभाऊ पाट ओढून फोनसमोर बसले. एक घंटा म्हणजे एक घंटा मोहित समोर. एरवीचे फोन कसे? जेवले का, गोळी घेतली का, इकडं थंडी आहे, चला ठेवतो. आज ठेवता येणार नव्हता.

"मंग? तिकडं लाईट जाते का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"कधीच नाई?"

"मी तरी नाही पाहिली."

"मंग लाईनमन काय करतेत दिवसभर?"

मोहित मोठ्यानं हसला, लहानपणी हसायचा तसा, खांदे हलवून. मग त्यानं गल्लीतलं एकेक घर विचारलं. कोणाच्या घरावर मजला चढला, कोण गेलं, कोणाचं पोरगं इंदूरला लागलं. छोटी मध्येच येऊन पडद्याला नाक लावून काहीतरी फ्रेंच बोलली. "काय म्हणते?" चैतरामभाऊंनी विचारलं. "म्हणते, आजोबांच्या मागं ते मोठं मातीचं काय आहे." "सांग तिले, तुह्या आजीचा फ्रिज हाय."

असं रंगात येत होतं, आणि तिकडं बेल वाजली. मागं माणसं बोलू लागली. मोहितनं वळून पाहिलं, मग इकडं पाहिलं.

"बाबा, आज बोलावलेले पाहुणे आले. मी... नंतर करतो. तुम्ही प्या आरामात. घंटा होऊ द्या फक्त."

"जा, जा. पाव्हने खोळंबतीन."

घंटा अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. राहिलेला त्यांनी एकट्यानं भरला. मारुतीची आरती झाली, ट्यूबलाईटभोवती किडे जमले, बाटली समोर तोंड उघडून बसलेली. मग उठून गोदाबाईंच्या पाहुण्यांच्या सेटमधला काचेचा पेला काढला, कारण स्टीलच्या पेल्यात रंग दिसला नसता.

पहिला घोट जांभळाच्या सालीसारखा. मग जीभ अशी ओढली गेली जसं कच्चं टेंभरू चावलं. वाटलं, संपलं, इतकंच. पण गिळल्यावर, बऱ्याच वेळानं, नाकाच्या मागून काहीतरी आलं. बैहरच्या डेपोत सागाचे जुने खांब रचलेले असायचे, दुपारी त्यांच्या सावलीत डबा खाताना यायचा तो वास जरासा. आणि त्यात आणखी काही, ज्याला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. दुसरा घोट घेतला. पुन्हा तेच आलं, थोडं पुढं सरकून. हीच का ती आठ वर्षांत बनलेली गोष्ट? की उतरल्याची खूण? बालाघाटात कोणाला विचारायचं? ज्याला कळलं असतं तो तिकडं पाहुण्यांत अडकला होता.

वीरेंद्रला भिंतीपलीकडून वास लागला म्हणा की मंजूला आवाज, तो फुटाण्याची पुडी घेऊन दारात हजर. चैतरामभाऊंनी त्याला बसवलं, मोहितच्या बाटलीची आणि माठाची खरी गोष्ट सांगितली, पेला भरून दिला. वीरेंद्रनं तो मोहाचा टाकतात तसा डोळे मिटून एका दमात टाकला. मग तोंड वाकडं केलं.

"काका, हे त उतरलं हो. आंबट-कसट. सोडा हाय का?"

"सोडा नाई."

"आठ वर्षं याच्यासाठी माठ भरला तुम्ही? मी म्हणतो, फेका. उद्या मी आणतो चांगली."

"हौ, उतरली असन," चैतरामभाऊ म्हणाले. वाद घातला नाही. वीरेंद्र फुटाणे ठेवून गेला. दार लावून त्यांनी उरलेली बाटली हळूहळू, एकेका घोटाला थांबत, एकट्यानं संपवली. आयुष्यात पहिल्यांदा. चढली असं नाही म्हणता येणार, पण उठताना भिंतीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोहितचा फोन आला, ऑफिसातून, मध्येच वेळ काढून. हेही नवीनच.

"सॉरी बाबा, काल रात्री नाही जमलं. सांगा ना, कशी होती? आता खरं सांगा."

चैतरामभाऊंच्या तोंडात जांभूळ होतं, टेंभरू होतं, बैहरचे खांब होते आणि ती बिनशब्दाची गोष्ट होती. सगळं सांगण्यासारखं. मोहितनं लगेच त्याला नाव दिलं असतं, म्हणाला असता हे चांगलं, हे वाईट, आणि पाच मिनिटांत निकाल लागला असता.

"फोनवर नाई सांगता येत," ते म्हणाले.

"अरे, थोडं तर सांगा."

"नाई. समोर बसून सांगाची गोष्ट हाय. तू ये, मंग सांगतो."

"बाटली तर संपली. आता ऐकायला येऊ?"

"हौ. मी इसरायच्या आत ये."

मोहित हसला नाही. तिकडं कोणाच्या तरी टायपिंगचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बघतो, बाबा."

चैतरामभाऊंनी फोन ठेवला. 'बघतो' हा शब्द काय असतो ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? रात्री लाईट गेली की लोक फोन करायचे आणि हे पांघरुणातून म्हणायचे, बघतो. कितीदा तसे म्हणून झोपून गेले होते. आणि कितीदा, धो धो पाण्यात, कोणी पुन्हा फोन केलेला नसतानाही, शिडी खांद्यावर घालून निघालेही होते.